बाणांचा भाता आणि लोहाराचा भाता

८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन भारताच्या हद्दीत घुसविण्याचा प्रयत्न केला, असे सरकारी प्रवक्त्यांनी दुसऱ्या दिवशी देशास सांगितले. आपली हवाई संरक्षणव्यवस्था कोठे आहे, कशी जागी होते आणि कशाने उत्तर देते, याची चाचपणी करणे हा त्यामागील हेतू असावा, असेही त्यांनी सांगितले. आदल्याच दिवशी मुंबईत नागरी संरक्षणाची कवायत झाली होती व भोंगे वाजले होते. १९७१ साली खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटविल्याचे ज्यांना आठवते त्यांनी ते नातवंडांना सांगितले, आणि नातवंडांनी ते गोष्ट ऐकावी तसे ऐकून घेतले. त्या रात्री सीमेवर जे घडले ते मात्र १९७१ च्या गोष्टीत बसणारे नव्हते. ज्यात वैमानिक नाही, जे परत यावे अशी पाठविणाऱ्याची अपेक्षा नाही, आणि जे पाडण्यास त्याच्या किमतीच्या अनेक पट खर्च यावा अशीच ज्याची योजना, असे शस्त्र शेकड्यांनी आले. आपल्या सैन्याने त्यांतील पुष्कळ पाडले. या कामी एल-७० व शिल्का यांसारख्या कित्येक दशके जुन्या तोफाही उपयोगी पडल्या, ही आम्हांस विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वाटते. स्वस्त शस्त्रास स्वस्त उत्तर हवे, हे त्या जुन्या तोफांनी सिद्ध केले.

तेव्हापासून आपणही अशी शस्त्रे मोठ्या संख्येने घेणार, हे निश्चित झाले आहे. २६ जुलै २०२५ रोजी द्रास येथे कारगिल विजयदिनी लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये ड्रोनची स्वतंत्र तुकडी असल्याचे जाहीर केले. हा निर्णय योग्यच आहे. तथापि शस्त्र घ्यावयाचे हे ठरविणे आणि ते कसे घ्यावयाचे हे ठरविणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, व दुसऱ्या गोष्टीचा विचार पहिलीच्या मानाने फारच थोडा झालेला दिसतो.

प्रथम ही वस्तू कोणती ते पाहू. नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कारखान्याने केलेले ‘नागास्त्र-१’ हे या वर्गातील आपले नामांकित शस्त्र. लष्कराने असे ४८० नग मागविले. त्यांतील पहिले १२० जून २०२४ मध्ये मिळाले. वजन सुमारे ९ किलो, त्यात स्फोटक १ किलो. एक जवान ते पाठीवर वाहून नेऊ शकतो. माणसाच्या नजरेखाली १५ किलोमीटरपर्यंत जाऊन ते आकाशात घिरट्या घालते, आणि लक्ष्य दिसताच त्यावर झडप घालून त्याच्यासह नष्ट होते. लक्ष्य सापडले नाही तर हवाई छत्रीने ते खाली उतरविता येते व पुन्हा वापरता येते. ज्याने हे नाव सुचविले त्यास महाभारताची आठवण होती हे खरे. पण कर्णपर्वातील गोष्ट त्याने पुरती वाचली होती की नाही, अशी शंका येते. कृष्णाने रथ दाबला, कर्णाचा तो बाण अर्जुनाचा किरीट घेऊन गेला, आणि बाणात दडलेला सर्प परत येऊन ‘मला पुन्हा सोड’ असे विनवू लागला. तेव्हा एकच बाण आपण दुसऱ्यांदा सोडीत नाही, असे सांगून कर्णाने त्यास नकार दिला. नागपूरचे नागास्त्र त्या मानाने अधिक व्यवहारी म्हटले पाहिजे.

याहून साधी व याहून स्वस्त जात आहे ती चार पंख्यांच्या ड्रोनची. चार मोटरी, त्यांचा वेग सांभाळणाऱ्या चार पट्ट्या, तोल राखणारा एक छोटा संगणक, एक कॅमेरा, एक रेडिओ, एक बॅटरी. आणि पोटाखाली एक आकडा, की जो खूण मिळताच उघडतो व शेपटी जोडलेला हातबॉम्ब सरळ खाली सोडतो. २०१६–१७ मध्ये मोसूलच्या लढाईत ‘इसिस’च्या दहशतवाद्यांनी बाजारात मिळणाऱ्या खेळातल्या ड्रोनांतून असे बॉम्ब टाकले, तेव्हा मोठमोठ्या सेनांना ते हास्यास्पद वाटले असावे. युक्रेनच्या युद्धाने ते हसू थांबविले. तेथे चार-पाचशे डॉलरांचा ड्रोन लक्षावधी डॉलरांचा रणगाडा निकामी करतो. आणि २०२४ या एका वर्षात १० लाख ड्रोन तयार करण्याचे उद्दिष्ट त्या राष्ट्राच्या अध्यक्षांनी जाहीर केले होते. शत्रूने रेडिओचा मार्ग बंद केला की दुसरी लहरसंख्या शोधावयाची. तीही बंद झाली की केसासारखी काचेची तार मागे सोडीत जाणारा ड्रोन पाठवावयाचा. आज जे शस्त्र उत्तम आहे ते तीन महिन्यांनी निरुपयोगी ठरू शकते.

येथेच आमच्या शासनव्यवहाराची गाठ अडते. आपली शस्त्रखरेदीची पद्धत तोफ, विमान, पाणबुडी अशा तीस-चाळीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूंसाठी घडलेली आहे. गरज मांडावयाची, तिचे बारकावे लिहावयाचे, निविदा मागवावयाच्या, वाळवंटात व हिमशिखरांवर परीक्षा घ्यावयाच्या, किमतीची घासाघीस करावयाची. यात वर्षे जातात, आणि विमानाच्या बाबतीत ती जाण्यास काही कारणही असते. पण जी वस्तू वापरताक्षणी नष्ट व्हावयाची, आणि न वापरली तरी वर्षभरात शिळी व्हावयाची, तिलाही याच रांगेत उभे करणे म्हणजे दुधाच्या रतिबासाठी दररोज नवी निविदा काढण्यासारखे आहे.

या रांगेला कंटाळून सरकारने दुसरी वाट काढली आहे, ती तातडीच्या खरेदीची. जून २०२५ मध्ये १,९८१ कोटी ९० लाख रुपयांचे १३ करार या वाटेने झाले. त्यांत ड्रोन शोधून पाडणारी यंत्रणा होती व घिरट्या घालणारी शस्त्रेही होती. संकट दाराशी असता तातडी करू नये असे कोण म्हणेल? परंतु २०१६ मध्ये उरीनंतर तातडी, २०२० मध्ये गलवाननंतर तातडी, २०२५ मध्ये पहलगामनंतर तातडी, असा क्रम लागला म्हणजे तिला तातडी म्हणावे की तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय म्हणावे, हा प्रश्न उरतो. सवय एकदा जडली की तिचे दुष्परिणाम सैन्यापेक्षा अधिक कारखान्यांना भोगावे लागतात. ते कसे, हे पाहण्यास दिल्लीला जाण्याचे कारण नाही. जोगेश्वरीहून निघणारा एक रस्ता पुरेसा आहे.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता हा आपल्या वाचकांच्या परिचयाचा, बहुधा मनस्तापाच्याच परिचयाचा. पण घाई नसेल तर हा रस्ता पाहण्यासारखा आहे. एका टोकास जोगेश्वरीचे छोटे गाळे: लेथ, प्रेस, प्लास्टिकचे साचे, मुलामा, स्प्रिंगा. थोडे पुढे सीप्झ. त्या नावातला ‘ई’ इलेक्ट्रॉनिक्सचा, हे आज कितीजणांस ठाऊक असेल? १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी वसविलेल्या त्या क्षेत्रात आज हिरे व दागिने घडतात आणि संगणकाचे कार्यक्रम लिहिले जातात. आणि पुढे पवईला आयआयटीचे महाद्वार. कारागिराचा हात, विद्युत्-उपकरणांचा कारखाना आणि शास्त्रज्ञाची बुद्धी ही तिन्ही काही किलोमीटरांच्या एकाच रस्त्यावर आणून ठेवण्याचे श्रेय जुन्या पिढीस द्यावयास हवे. तिन्हींची भेट मात्र त्या रस्त्यावर क्वचितच झाली.

एकदा झाली, ती अशी. आयआयटीच्या तरुणांनी २००७ साली ‘आयडियाफोर्ज’ नावाची कंपनी काढली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीबाहेर उडणारे जे यंत्र प्रेक्षकांनी पाहिले, ते याच मंडळींचे. पुढे संरक्षण संशोधन संस्थेबरोबर त्यांनी ‘नेत्र’ ड्रोन सिद्ध केला. कारखाना नवी मुंबईस महापे येथे गेला. जानेवारी २०२१ मध्ये लष्कराने त्यांच्याकडे सुमारे २ कोटी डॉलरांची मागणी नोंदविली. हे ड्रोन टेहळणीचे, बॉम्ब टाकणारे नव्हेत; पण मोटर, बॅटरी व मेंदू यांची विद्या एकच. आता या कंपनीचा ताळेबंद पाहा. २०२३-२४ मध्ये उत्पन्न सुमारे ३१४ कोटी रुपये व नफा. २०२४-२५ मध्ये उत्पन्न सुमारे १६१ कोटी व तोटा सुमारे ६२ कोटींचा. त्या एका वर्षात अभियंते अडाणी झाले नाहीत. मोठी मागणी पुरी झाली आणि पुढची आली नाही, हे या घसरणीचे एक उघड कारण. मे २०२५ मध्ये चार दिवसांची लढाई झाली आणि जूनमध्ये १३७ कोटींची मागणी आली! ज्या धंद्याचे पीक शत्रूच्या मर्जीवर अवलंबून, त्यात कोण शहाणा भांडवल घालील?

कंपनी निदान भागबाजारात जाऊन पैसा उभारू शकते. जोगेश्वरी पूर्वेच्या एका गाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी धातुकाम करतो. शाळेत असताना त्याचे शुद्धलेखन आम्हांस पुष्कळ छळीत असे. हाताने मात्र तो तेव्हाही फळ्याचा निखळलेला कोपरा बसवून द्यावयाचा. ड्रोनच्या मोटरीची बाहेरची फिरती वाटी त्याने करून पाहिली. ही वाटी ॲल्युमिनियमची, लिंबाएवढी. केसभर तोल चुकला तर सारे यंत्र थरथरते. त्याचा नमुना पसंत पडला, २०० नगांचे काम मिळाले, ते त्याने वेळेवर दिले. पैसे पाच महिन्यांनी आले. लहान उद्योगांचे देणे ४५ दिवसांत चुकते करावे असा कायदा या देशात २००६ पासून आहे. तो म्हणाला, “सर, मशिनचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. ऑर्डर लढाई झाली की येते.” त्याच्या शेजारचे दोन गाळे बंद आहेत, इमारत पाडून तेथे मनोरा बांधण्याची बोलणी चालू आहेत. एकदा लेथ उचलला गेला आणि त्यावरचा कारागीर चिपळूणला परतला म्हणजे तो हात पुन्हा कोणत्या निविदेने मागविणार?

मराठीत बाण ठेवण्याच्या पात्रास भाता म्हणतात आणि लोहाराच्या फुंकणीसही भाताच म्हणतात. सरकारने पहिल्या भात्याचा हिशेब ठेवला आहे. दुसऱ्या भात्याचा वारा चालू आहे की नाही हे पाहिलेले नाही. याचे एक फळ फेब्रुवारी २०२५ मध्ये चाखावयास मिळाले. चीनच्या सरहद्दीवर सामान पोहोचविण्यासाठी घ्यावयाच्या ४०० ड्रोनांचे, २३० कोटींहून अधिक रकमेचे तीन करार संरक्षण मंत्रालयास रद्द करावे लागले, कारण त्यांत चिनी भाग आढळले. रद्द केले हे उत्तमच झाले. ज्याच्याविरुद्ध उडावयाचे त्याच्याच हाती लगाम देणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. पण ते भाग तेथे आले कसे? ९ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीस बंदी केली, सुट्या भागांची आयात मात्र मोकळी ठेवली. त्या वेळी ते बरोबरही होते. नाही तर उद्योग सुरूच झाला नसता. परंतु त्या सवलतीस शेवटची तारीख हवी होती, आणि तोवर भाग येथे घडविणाऱ्यास हमी हवी होती. सर्वांत कमी किमतीस काम द्यावयाचे आणि सर्वांत स्वस्त भाग शेन्झेनला मिळावयाचे, अशी स्थिती असता व्यापारी दुसरे काय करील?

आमच्या विद्यार्थ्याच्या त्या वाटीच्या आतल्या अंगास चुंबकाच्या पट्ट्या चिकटवितात. त्या पट्ट्या चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृद्धातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपले मोटार-कारखानदारही घाबरले. वस्तुतः या धातूंची वाळू केरळच्या चवऱ्यास व ओडिशाच्या छत्रपूरला आपल्याच किनाऱ्यावर आहे, आणि ती काढणारी सरकारी ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी १९५० सालची, कचेरी प्रभादेवीस. पाऊणशे वर्षांत वाळूपासून चुंबकापर्यंतचे अंतर आपण कापले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनावेत यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. उशिरा का होईना, हे पाऊल पडले याचे आम्ही स्वागत करतो.

मग करावयाचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या ड्रोनची नोंद तोफेच्या वहीत न करता काडतुसाच्या वहीत करावी. हे काही आमच्या मनचे तर्कट नव्हे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये लहान ड्रोन हे टिकाऊ मालमत्ता न मानता खर्ची पडणारी वस्तू मानावी असा आदेश काढला. आपल्याकडेही १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदीच्या नव्या नियमपुस्तिकेत, देशात नव्याने घडविलेल्या वस्तूस पाच वर्षांपर्यंत मागणीची हमी देण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग येथे करावा. दरवर्षी ठरावीक नग, लढाई असो वा नसो; दर सहा महिन्यांनी नमुना बदलण्याची मुभा; आणि करारात मुख्य कंपनीबरोबरच तिच्या भागांचे पुरवठेदार नोंदविलेले असावेत, म्हणजे ४५ दिवसांचा कायदा गाळ्यापर्यंत पोहोचेल. जवानांनी सरावात मनसोक्त ड्रोन मोडावेत. ज्यास मोडण्याची भीती वाटते त्यास ते चालविता येणार नाही.

हिशेबतपासनीस विचारील की, हजार ड्रोन गेले कोठे? त्याने ते विचारलेच पाहिजे. गोळीबाराच्या सरावानंतर रिकामी काडतुसे मोजून जमा करण्याची शिस्त आपल्या सैन्यात आहे. मोडक्या ड्रोनचीही तशी वही ठेवता येईल.

पण या वहीस आणखी एक रकाना हवा, आणि त्याविषयी सध्या कोणीच बोलत नाही. शस्त्र स्वस्त झाले म्हणजे ते सोडण्याचा निर्णयही स्वस्त होण्याची भीती असते. युक्रेनमधील खेरसोन शहरात रशियन ड्रोनांनी रस्त्याने जाणाऱ्या नागरिकांवर, रुग्णवाहिकांवर बॉम्ब टाकले; संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये हे मानवतेविरुद्धचे गुन्हे होत असा निष्कर्ष काढला. आपणही या अनुभवापासून दूर नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या विमानदलाच्या तळावर दोन ड्रोनांनी स्फोटके टाकली. १ सप्टेंबर २०२४ रोजी मणिपुरातील कौत्रुक गावावर ड्रोनमधून बॉम्ब पडले, आणि ते टाकणारे कोणी परके सैन्य नव्हते. जी वस्तू गाळ्यात घडू शकते ती कोणाच्याही गाळ्यात घडू शकते, हे जोगेश्वरीचे कौतुक करताना आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा बॉम्ब सोडणारा आकडा, स्फोटकाचा खटका यांसारखे भाग कोण बनवितो व कोणास देतो याची नोंद काटेकोर असावी. पंखे नि मोटरी बनविणाऱ्यास मात्र परवान्यांच्या जंजाळात अडकवू नये.

आणि या शस्त्राचा एक गुण असा की, ते स्वतःच्या कृत्याचे चित्र घेते. तोफखान्याचा गोलंदाज डोंगरापलीकडे काय झाले ते पाहू शकत नाही. ड्रोन चालविणारा जवान शेवटच्या क्षणापर्यंत ते पाहतो. ती चित्रफीत पुसली जाऊ नये. प्रत्येक बॉम्ब कोणाच्या हुकुमाने व काय पाहून सोडला, हे त्या फितीसह मोहोरबंद राहावे, आणि गरज पडल्यास संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीस पाहता यावे. सैन्यावर अविश्वास म्हणून आम्ही हे सुचवीत नाही. खोट्या आरोपांपासून जवानाचे रक्षण करणारा यासारखा साक्षीदार दुसरा नाही.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाच्या भांडवली खर्चासाठी १ लाख ८० हजार कोटी रुपये होते. त्या रकमेपुढे आम्ही मागतो आहोत ती हमी फार लहान आहे. संरक्षणमंत्र्यांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात एवढे सांगावे की, पुढील पाच वर्षांत दरवर्षी कमीत कमी किती ड्रोन घेणार, आणि त्यांतील मोटर, चुंबक व बॅटरी देशी असण्याची तारीख कोणती. आमच्या त्या विद्यार्थ्याने एक वाटी आमच्या मेजावर ठेवून दिली आहे. सध्या ती कागद उडू नयेत म्हणून उपयोगी पडते. २०० नगांनंतर त्यास पुन्हा विचारणा आलेली नाही.